डार्विनच्या परसातला तांबडा कोंबडा

आर्णीला आमचे एक स्नेही आहेत. घरामागच्या परसात त्यांनी कडकनाथ पाळला आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात भिल्ल-भिलालांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही काळी जात. तिची पिसे, कातडी, तुरा, जीभ, इतकेच काय हाडांवरचे आवरणही काळे. २०१८ साली झाबुआच्या नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आमच्या वऱ्हाडातही तिची हौस वाढली. कडकनाथाची कोंबडी अंड्यांवर बसायला नाखूश असते, म्हणून हे गृहस्थ तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात. एकविसाव्या दिवशी पिले निघाली, सगळी काळीकुट्ट. पण त्यातल्या एका नराच्या मानेवर पुढे तांबूस सोनेरी पिसे चमकू लागली आणि गृहस्थांचा चेहरा उतरला. कोणी म्हणाले, शेजारच्या कोंबड्याचा प्रताप. कोणी म्हणाले, मुळात फसवलेच गेलात. आता ही पिले अस्सल म्हणून कोणाला कशी द्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. पैशांपेक्षा शब्दाचा प्रश्न.

या तांबड्या पिसावर सर्वांत अधिक डोके खाजवलेला माणूस १८८२ साली वारला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विन म्हटले की आपल्याला जहाज, कासवे आणि माकडे आठवतात. कोंबड्या कोणाला आठवत नाहीत. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडात श्रूजबरी येथे एका सुखवस्तू डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला. वडिलांनी एडिंबरोला वैद्यकी शिकायला धाडले, तिथे शस्त्रक्रिया बघून तो पळाला. पण एक विद्या मात्र घेऊन आला. जॉन एडमनस्टन नावाच्या, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसाकडून तो पक्ष्यांची कातडी सोलून, भरून ठेवायला शिकला. नंतर केंब्रिज, मग १८३१च्या डिसेंबरात ‘बीगल’ जहाजावरची सफर. ती जवळजवळ पाच वर्षे चालली. इथवरचे सारे शाळेच्या पुस्तकांतून येऊन गेलेले आहे.

१८३९ साली त्याने एमा वेजवुडशी लग्न केले. एमा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानत, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १८४२ साली हे जोडपे लंडनजवळच्या केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहायला गेले आणि डार्विनने उरलेली चाळीस वर्षे तिथेच काढली. प्रकृती कायमची तोळामासा. समुद्र ओलांडून आलेला हा माणूस पुढे घरचे आवार क्वचितच ओलांडी. म्हणून त्याने जगच आवारात आणले.

१८५५ पासून त्याने कबुतरे पाळली आणि मग कोंबड्या. विद्वानांना न शोभणारी संगत धरली. लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत तो जाऊन बसे. टेगेटमायर नावाच्या कोंबड्या-कबुतरांच्या जाणकाराशी त्याचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. मेलेल्या पक्ष्यांचे सांगाडे काढण्याचा उद्योग त्याने घरीच मांडला, तेव्हा दुर्गंधीने त्याला आणि त्याच्या नोकराला उलट्यांनी हैराण केले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने देशोदेशींच्या ओळखीच्या लोकांना विनंतीपत्रे लिहिली, की तुमच्याकडच्या पाळीव कबुतरांची, कोंबड्यांची कातडी पाठवा. मद्रासहून वॉल्टर इलियटने पाठवली. कलकत्त्याच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लाइथ तर माहितीचा पूरच पाठवी. आल्फ्रेड वॉलेसने १८५६ साली पूर्वेकडच्या लोंबोक बेटावरून त्याच्यासाठी बदक धाडले आणि तिथला रानकोंबडाही त्याला हवासा वाटेल, असे सुचवले. हाच वॉलेस दोन वर्षांनी आपला स्वतंत्रपणे शोधलेला उत्क्रांतीचा सिद्धान्त पत्राने पाठवील आणि डार्विनची झोप उडवील, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

आता तो मुख्य प्रयोग. डार्विनचा प्रश्न असा होता की जगातल्या इतक्या तऱ्हेच्या कोंबड्या एका रानकोंबड्यापासून झाल्या की अनेक? त्याने मुद्दाम अशा जुन्या, शुद्ध जाती निवडल्या, की ज्यांच्या अंगावर तांबड्या रंगाचा मागमूस नव्हता. काळ्या स्पॅनिश जातीचा कोंबडा आणि पांढरी रेशमी कोंबडी यांची जोडी लावली. रेशमी म्हणजे केसांसारख्या मऊ पिसांची, पण आतून काळी, कातडी आणि हाडांपर्यंत. पिले निघाली ती कोळशासारखी काळी. मोठी होता होता त्यातला एक नर असा झळाळून उठला, की उभा राहिला म्हणजे हुबेहूब हिमालयाच्या पायथ्याचा तांबडा रानकोंबडाच. फक्त तांबडा रंग किंचित गडद आणि पंखांच्या कडा वेगळ्या. काळ्या बापाच्या आणि पांढऱ्या आईच्या पोटी हा तांबडा आला कुठून? डार्विनने ओळखले की जुना पूर्वज दडून बसला होता, तो संकराने बाहेर पडला.

रंगाचेच नव्हे, स्वभावाचेही तसेच. अंड्यांवर न बसणाऱ्या दोन जातींचा संकर केला, की त्यांच्या पोरी कधी कधी खुडूक होऊन बसतात, हेही त्याने नोंदवले. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी व वनस्पतींवरच्या त्याच्या दोन खंडी ग्रंथात कोंबड्यांना अख्खे प्रकरण आहे. मनुस्मृतीत गावठी कोंबडा निषिद्ध आणि रानातला चालतो, याचाही त्यात दाखला आहे. हिंदुस्थानातल्या एका जातीचाही उल्लेख आहे, पांढऱ्या अंगावर काजळी फासल्यासारखी, आतून काळी. ही काळेपणाची खूण त्या जातीत फक्त माद्यांत दिसे. असे का, ते त्याला उमगले नाही. अनुवंश कसा चालतो याची त्याने मांडलेली उपपत्ती साफ चुकली. मेंडेलचा निबंध १८६६ सालीच छापून झाला होता, पण तो त्याच्यापर्यंत पोचला नाही. पुढे १९०२ साली बेटसनने मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू आहेत हे दाखवले, ते कोंबड्यांवरूनच. आणि १९११ साली बेटसन व पनेट यांनी रेशमी कोंबडीच्या काळेपणाचा लिंगाशी असलेला संबंधही उलगडला.

याच ग्रंथात जवळच्या नात्यातल्या पैदाशीवर त्याने लिहिले आहे. नात्यातच जुळवत नेलेल्या सेब्राइट जातीच्या चिमुकल्या कोंबड्या जवळजवळ वांझ झाल्याची हकीकत त्यात येते. ते लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे केवळ खुराडे नव्हते. दहा मुलांपैकी तीन बालपणीच गेली. लाडकी ॲनी १८५१ साली दहाव्या वर्षी गेली, आणि वॉलेसचे पत्र आले त्याच महिन्यात धाकटे तान्हे मूल स्कार्लेट तापाने दगावले. मामेबहिणीशी केलेल्या लग्नाचे हे फळ तर नव्हे, ही शंका त्याला कुरतडत राहिली. १८७१च्या जनगणनेत चुलत-मामे विवाहांबद्दल प्रश्न विचारावा म्हणून त्याने खटपट केली. पार्लमेंटने ती फेटाळली. १९ एप्रिल १८८२ रोजी तो गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याला पुरले.

कोंबड्यांच्या बाबतीत तो बहुतांशी बरोबर ठरला. तांबडा रानकोंबडाच मूळ पुरुष. पण आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याला त्याने या वंशावळीतून पार वगळले होते, ते मात्र पुरते खरे नव्हते. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले, असे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे आर्णीच्या बाजारात पिवळ्या पायांची कोंबडी डालग्यात दिसली, तर तिच्यात राखी रानकोंबड्याचाही अंश आहे. आणि डार्विनची ती रेशमी कोंबडी? तिच्या काळेपणामागे जो जनुकीय बदल आहे, तोच कडकनाथातही आहे.

स्नेह्यांना मी एवढेच सांगितले, की कडकनाथात मानेवर सोनेरी पिसांचा एक प्रकार असतोच, तेव्हा नुसत्या पिसावरून निकाल देऊ नका. जीभ, तुरा, पायांचे तळवे पाहा. तेही काळे असले तरी त्याला दोन काळ्या माद्यांबरोबर वेगळा ठेवा, शेजारचा कोंबडा आत येऊ देऊ नका आणि पिले काय सांगतात ते बघा. आणि त्याच्या बहिणींशी त्याची जोडी लावू नका, नर दुसऱ्या कळपातून आणा.

त्यांनी जाळी मारून घेतली आहे. पहिली अकरा अंडी परवा गावरान कोंबडीखाली गेली.