अंगणातल्या पाखरांचा साक्षीदार

पावसाळा सरतो, आश्विनाचे ऊन पडू लागते आणि अकोल्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात, नळाजवळच्या ओलीत, शेपटी वरखाली हलवीत एक परीट उतरतो. उन्हाळाभर तो उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात असतो. हिवाळ्यासाठी वऱ्हाडात येतो. त्याच्या मागोमाग कुंपणावर थिरथिरा दिसू लागतो. पुढे शेतशिवारात भोरड्यांचे थवे येतात. घरातील माणसे हे सारे पाहतात आणि विसरून जातात. परीट यंदा कोणत्या तारखेला आला, गेल्या वर्षी केव्हा आला होता, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या घरांत मिळते. ज्या घरांत ते मिळते, त्या घरांत एक साधी वही असते. एक जानेवारीला तिचे नवे पान उघडते आणि अंगणातून दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याची वर्षातील पहिली तारीख तीत लिहिली जाते.

बागेची वर्षयादी ठेवण्याचा हा छंद अलीकडचा वाटतो. पण घराच्या आवाराकडे अभ्यासाचे क्षेत्र म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात जुनी आहे. ती वाचकांना देणाऱ्यांत एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव आवर्जून घ्यावे लागते. त्याचा जन्म साताऱ्याचा, नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातील आणि नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. वाचक मात्र त्यांना ‘ईएचए’ या तीन आद्याक्षरांनीच ओळखत. ही अक्षरे जोडून वाचली की ‘ईहा’ असा शब्द होतो आणि संस्कृतात त्याचा अर्थ इच्छा किंवा ओढ असा आहे. योगायोगाचे असले, तरी हे नाव त्यांना शोभून दिसते.

एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते. त्या काळातील इंग्रज कुटुंबे मुलांना शिक्षणासाठी लहान वयातच विलायतेला धाडीत. एटकिन यांचे शिक्षण मात्र याच देशात झाले. वडिलांनी त्यांना घरी शिकविले आणि पुढे मुंबई विद्यापीठातून त्यांनी बी.ए. व एम.ए. या पदव्या मिळविल्या. १८७० ते १८७६ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होते. बाळ गंगाधर टिळक १८७३ मध्ये याच महाविद्यालयात दाखल झाले. अकोल्यात मॅट्रिक झालेले गोपाळ गणेश आगरकर तेथे आले, तो काळही जवळपास हाच. भाषेवरील प्रेम एटकिन यांना आयुष्यभर पुरले. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी वेगळी वाट धरली. एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात रुजू झाले.

हे खाते मानाचे असले तरी सुखाचे नव्हते. मिठागरे असतात ती खाऱ्या, ओसाड जमिनीवर. कच्छच्या लहान रणाच्या काठावरील खाराघोडा हे असेच एक ठाणे. सभोवार क्षार आणि धूळ, सोबतीला मोजकी माणसे आणि करमणुकीचे साधन कोणतेही नाही. अशा ठिकाणी अनेक अधिकारी कंटाळून जात, कोणी शिकारीच्या मागे लागत, कोणी बदलीची वाट पाहत दिवस मोजीत. एटकिन यांनी आपल्या बंगल्याच्या आवाराकडे पाहण्यास सुरुवात केली. छपरात राहणारे उंदीर, भिंतीवरील पाली, दिव्याभोवती जमणारे किडे, मुंग्या, बेडूक, कावळे आणि चिमण्या हीच त्यांची शेजारी मंडळी झाली. इंग्रज राज्याच्या सरहद्दीवर तेव्हा टोळ्यांशी झुंज चालू असे आणि वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरलेली असत. एटकिन यांनी तीच कल्पना विनोदाने उचलली. आपल्या बंगल्याचे कुंपण हीच सरहद्द आणि तीवर वावरणारे जीव हेच तिथले टोळीवाले, असे मानून त्यांनी लिहिले. ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’ हे त्यांचे पुस्तक १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ‘डस्टीपूर’ या नावाने येणारे धुळीचे गाव म्हणजेच खाराघोडा होय.

१८८३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात अनेक अर्थांनी महत्त्वाचे ठरले. याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले. या बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. त्या आठ जणांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग होते, वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन होते आणि एटकिनही होते. संस्थेचे पहिले सचिवपद एटकिन यांच्याकडे आले. जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले तेव्हा रॉबर्ट स्टर्नडेल यांच्यासह संपादनाची जबाबदारीही त्यांनी घेतली. या नियतकालिकाच्या पानांवर एखाद्या अधिकाऱ्याने कळविलेली छोटीशी नोंदही स्थान मिळवू लागली. कोणता जीव, कोठे आणि केव्हा दिसला, एवढे नेमके सांगता आले की ती नोंद उपयोगाची, हा त्यामागचा विचार होता.

नोकरीमुळे एटकिन यांचे बिऱ्हाड सतत हलत राहिले. उरणची मिठागरे, रत्नागिरीचा किनारा, गोव्याची सरहद्द आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेला उत्तर कानडा जिल्हा, असा त्यांचा प्रवास झाला. उत्तर कानड्यात त्यांना दोन समानशील मित्र लाभले. एक जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि दुसरे वनखात्यातील टी. आर. बेल. या तिघांनी फुलपाखरांचा अभ्यास आरंभला. केवळ उडती फुलपाखरे पकडून पेटीत टोचून ठेवण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. सुरवंट घरी आणावेत, ते कोणत्या झाडाचे पान खातात ते पाहावे, कोष होईपर्यंत त्यांना जपावे आणि शेवटी कोणते फुलपाखरू बाहेर पडते ते लिहून ठेवावे, अशी त्यांची रीत होती. या कामावरील त्यांचे लेखन १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. घराचा व्हरांडा हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

पक्ष्यांविषयीचे त्यांचे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे १९०० च्या सुमारास आलेले ‘द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’. दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे न लागता शहरातील रहिवाशाला खिडकीतून, बागेतून किंवा रस्त्यावरून जे पक्षी दिसतात त्यांचीच ओळख त्यांनी करून दिली. कावळा, घार, चिमणी, कोकीळ, धीवर, वेडा राघू, परीट अशी ही नित्याची मंडळी. त्यांत गिधाडेही होती, कारण मुंबईच्या आकाशात तेव्हा गिधाड ही नवलाची गोष्ट नव्हती. जे रोज दिसते ते कशाला लिहायचे, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडला असता तर त्याचे उत्तर शंभर वर्षांनी मिळाले. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे हे घडत असल्याचे २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तोवर ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. एके काळी हे पक्षी सर्रास दिसत, हे आज पुराव्यानिशी सांगता येते ते अशा साध्या नोंदींमुळेच.

एटकिन यांची ही सवय सरकारी कामातही उपयोगी पडली. डासांमुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखविले होते. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर शिपाई आणि कारकून हिवतापाने हैराण झालेले असत. १९०२ मध्ये या नाक्यांची पाहणी करून ती आरोग्यदायी जागी हलविण्याचे उपाय सुचविण्याची कामगिरी एटकिन यांच्यावर सोपविण्यात आली. या भटकंतीत त्यांना डासाची एक नवी जात सापडली. तिला त्यांच्या नावावरून ‘ॲनॉफिलिस एटकिनी’ असे नाव मिळाले.

त्यांच्या लेखनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८९ च्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात त्यांनी घरातील नोकरचाकरांची चित्रे रेखाटली. बटलर, धोबी, माळी हे सारे तेथे साहेबाच्या थट्टेचे विषय आहेत. मुंगी आणि बेडूक यांच्याकडे कुतूहलाने पाहणारी नजर माणसांकडे वळताच राज्यकर्त्याची होते, हे आजच्या वाचकाला खटकते. दिवसभर बागेत राबणाऱ्या माळ्याला तेथील पाखरांविषयी काय ठाऊक होते, हे त्याच्याकडून समजून घेतले गेले असते, तर कदाचित ती नोंदवही अधिक संपन्न झाली असती.

१९०३ मध्ये ते कराचीला जकात व मीठ खात्याचे मुख्य अधिकारी झाले. १९०५ मध्ये सिंधच्या गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे आले. १९०६ मध्ये ते निवृत्त होऊन स्कॉटलंडला गेले आणि एप्रिल १९०९ मध्ये एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पक्षिविषयक पुस्तकाची पुढची आवृत्ती १९४० च्या दशकात डॉ. सलीम अली यांनी संपादित केली.

नोंदीचे मोल किती, हे एटकिन यांचे मित्र डेव्हिडसन यांच्या पक्ष्यांनी पुढे दाखवून दिले आणि ती कथा थेट वऱ्हाडापर्यंत येते. उत्तर कानड्यात येण्यापूर्वी डेव्हिडसन खानदेशात होते. १८८० च्या दशकात त्यांनी तेथे रानपिंगळ्याचे काही नमुने गोळा केले. हे लहानसे घुबड ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये प्रथम वर्णिले होते. डेव्हिडसन यांच्यानंतर ते कोणाला खात्रीने दिसलेच नाही. अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर, तो १९१४ मध्ये आजच्या गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी होती. या चिठ्ठीवर विसंबून तेथे शोध झाले आणि ते निष्फळ ठरले. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना मात्र तिचा संशय आला. तपासणीअंती तो नमुना डेव्हिडसन यांनीच गोळा केलेला, लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला आणि खोट्या चिठ्ठीने सजविलेला असल्याचे सिद्ध झाले. खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांना दिसला. त्यापुढच्या काही वर्षांत तो अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हे त्याच्या मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

एका खोट्या तारखेने अभ्यासकांना चुकीच्या वाटेवर नेले आणि खऱ्या तारखांनी हरवलेला पक्षी परत मिळवून दिला. अकोल्यातल्या अंगणात ठेवलेल्या वहीलाही हाच नियम लागू आहे. यादी लांबविण्यासाठी न पाहिलेला पक्षी तीत लिहू नये आणि ओळख पटली नसेल तर तसेच नमूद करावे. रोज दिसणारी चिमणी वर्षातून एकदा तरी तारखेनिशी लिहावी. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा अंगणात पाण्याचे पसरट भांडे ठेवले, तर बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी आणि होले आपण होऊन येतात आणि वहीची पाने भरू लागतात. एका वर्षाची यादी हा छंद असतो; दहा-वीस वर्षांच्या याद्या एकत्र ठेवल्या म्हणजे कोण वेळेवर आले, कोणाला उशीर झाला आणि कोण यायचेच थांबले, हे त्यांतून वाचता येते.

खाराघोड्याच्या धुळीत एटकिन यांना जे दिसले ते पाहण्यासाठी घनदाट अरण्य लागले नाही. वऱ्हाडातल्या अंगणात यंदा परीट उतरेल तेव्हा त्या दिवसाची तारीख कोणीतरी लिहून ठेवावी, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.