धनुर्धारी प्राध्यापक

आधीच सांगून टाकतो, मला शिकार आवडत नाही. आमचे आजोबा माळकरी, त्यामुळे मुंगीसुद्धा फुंकून बाजूला करायची सवय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ती चांगलीच झाली, हे माझं ठाम मत. अशा माणसाने एका शिकाऱ्यावर लेख लिहावा म्हणजे गंमतच! पण मागच्या सेमिस्टरला पर्यावरणाच्या सबमिशनसाठी लायब्ररीत पुस्तकं चाळताना आल्डो लिओपोल्ड हे नाव भेटलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपीकाठच्या बर्लिंग्टन गावी ११ जानेवारी १८८७ ला आल्डोचा जन्म झाला. वडिलांचा टेबलं बनवण्याचा कारखाना होता. त्यांना शिकारीचा नाद, पण शिस्त कडक. कायद्याची सक्ती नसतानाही वसंत ऋतूत पाणपक्ष्यांवर बंदूक चालवायची नाही, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. पोरगं हे बघत मोठं झालं.

१९०९ साली येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन लिओपोल्ड सरकारी वनखात्यात लागले. पहिलं पोस्टिंग अ‍ॅरिझोनाच्या जंगलात. तिथे एकदा कड्यावर बसून जेवताना त्यांना खाली नदी ओलांडणारी लांडगीण दिसली. त्या काळी लांडगा दिसला की गोळी घालायची, हाच रिवाज. हिशोबही सोपा होता : लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त. सगळ्यांनी गोळ्या झाडल्या. लिओपोल्ड खाली पोचले तेव्हा तिचा जीव जात होता. तिच्या डोळ्यांत त्यांना जे दिसलं, ते त्यांनी थेट १९४४ साली कागदावर उतरवलं. मधली काही वर्षं मात्र ते लांडगे संपवा असंच सांगत राहिले! मोठी माणसंही एका दिवसात बदलत नाहीत, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

१९१३ मध्ये ड्युटीवर असताना वादळात सापडून मूत्रपिंडाचा आजार झाला. मरता मरता वाचले. पुढे १९२४ साली त्यांच्या प्रयत्नांनी न्यू मेक्सिकोतलं गीला हे जंगल रस्ते आणि मोटारींपासून राखून ठेवलं गेलं, अमेरिकेतलं अशा प्रकारचं पहिलंच. आपण रस्ते बांधायला शिकतो, हा माणूस रस्ता न बांधण्यासाठी भांडला!

त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला आले आणि त्यांना धनुष्यबाणाचं वेड लागलं. घरीच लाकूड तासून धनुष्यं बनवायची, बाण घडवायचे. बायको एस्टेला तर इतकी तयार झाली की राज्याची महिला तिरंदाजी स्पर्धा जिंकली. बंदूक हाताशी असताना हा उपद्व्याप कशाला? बाण मारायचा तर हरणाच्या अगदी जवळ जावं लागतं. वारा ओळखावा लागतो, तासन्‌तास गप्प बसावं लागतं आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतावं लागतं. पांढऱ्या शेपटीचं तिथलं हरिण महाबिलंदर! लिओपोल्ड यांच्या मते भिंतीवरच्या शिंगांची किंमत त्यांच्या आकारात नसते. ती मिळवताना आपण कष्ट किती घेतले आणि स्वतःला किती आवरलं, यात ती असते. जंगलात शिकाऱ्याला बघायला कोणी नसतं, तिथे पंच त्याचा तोच. १९३४ साली विस्कॉन्सिनने खास धनुर्धाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा हंगाम ठेवला. असं करणारं ते अगदी सुरुवातीचं राज्य.

१९३३ मध्ये त्यांचं वन्यजीव व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना त्याच विषयाचं प्राध्यापक केलं. १९३५ साली त्यांनी नदीकाठची एक नापीक झालेली शेती विकत घेतली. तिथलं कोंबड्यांचं खुराडं साफ करून त्यात शनिवार-रविवारी राहायचं आणि सगळ्या घराने मिळून पाइनची रोपं लावायची, हजारोंनी!

आता खरी गोष्ट. १९४० नंतर विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडे हरणं बेसुमार वाढली. लांडगे जवळजवळ संपलेले आणि शिकार फक्त नरांची. कंट्रोल सिस्टीमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅकची वायर कोणीतरी कापली होती. तोंड पोचेल तिथपर्यंतचा पाला हरणांनी ओरबाडून खाल्ला, मग हिवाळ्यात आधी पाडसं उपाशी मेली. लिओपोल्ड यांच्या समितीने जंगलात फिरून सांगितलं, माद्याही मारायला परवानगी द्या. १९४३ साली ती मिळाली आणि सव्वा लाखाहून जास्त हरणं मारली गेली. लोक खवळले. लिओपोल्डविरुद्ध वर्तमानपत्र निघालं. पुढच्याच वर्षी सरकारने माघार घेतली. हरणांवर जीव असलेला माणूस हरणांचा वैरी ठरला! तरी ते बोलणं सोडेनात. १९४९ मध्ये माद्यांची शिकार पुन्हा सुरू झाली, पण ते बघायला लिओपोल्ड नव्हते.

२१ एप्रिल १९४८. शेजाऱ्याच्या शेतातलं गवत पेटलं. ते विझवायला धावलेल्या ६१ वर्षांच्या लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथेच सगळं संपलं. आठवडाभरापूर्वीच प्रकाशकाने त्यांचं पुस्तक स्वीकारल्याचं कळवलं होतं. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये निघालं. आज ते जगभर वाचलं जातं. आणि आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी खास : त्यांचा मुलगा लूना सिव्हिल इंजिनिअर झाला आणि नद्यांचा अभ्यास करणारा मोठा शास्त्रज्ञ म्हणून नावाजला गेला.

मी अजूनही शिकारीच्या बाजूचा नाही. १९४३ चा तो आकडा वाचताना आजही पोटात गोळा येतो. पण उपाशी मेलेली पाडसं कोणाच्या खात्यावर टाकायची, याचं उत्तरही माझ्याकडे नाही. प्रॅक्टिकलला ग्राफ जुळला नाही की आपण काय करतो? गपचूप रीडिंग बदलतो. लिओपोल्ड यांचा ग्राफ जुळला नाही तेव्हा त्यांनी रीडिंग तसंच ठेवलं आणि स्वतःचं मत बदललं, तेही चारचौघांत.

तेवढं आपल्याला जमेल का?