अल-जब्र : सक्ती नव्हे, सांधणे

अलीकडे रमजानचा महिना दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत येतो आहे. पहाटे सहरी करून, रोजा ठेवून मुले बीजगणिताच्या पेपरला जातात. शेजारच्या बाकावरचा मित्र गणपतीला नमस्कार करून आलेला असतो. पेपरची धास्ती मात्र दोघांची सारखीच. मग घराघरांत जुना प्रश्न निघतो. ज्याला वायरमन व्हायचे आहे, जिला शिवणकाम करायचे आहे, त्यांच्या माथी हे एक्स आणि वाय कशाला? मध्यंतरी काही वर्षे आपल्या राज्यात सामान्य गणिताचा पर्याय होता. पुढे तो बंद झाला. वाद मात्र मिटलेला नाही. या वादात ज्याची साक्ष काढायला हवी, तो माणूस जवळपास पावणेबाराशे वर्षांपूर्वी हे जग सोडून गेला.

मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी हे त्याचे नाव. इ. स. ७८० च्या सुमाराचा त्याचा जन्म. ख्वारिज्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानात विभागला आहे. त्या मुलखावरून त्याचे नाव पडले. त्याची हयात मात्र बगदादमध्ये गेली. खलिफा मामूनच्या कारकिर्दीत, म्हणजे ८१३ ते ८३३ या काळात, तिथल्या बैतुल हिकमत या ज्ञानगृहात ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांचे अरबी अनुवाद होत होते. आपल्या ब्रह्मगुप्ताचे ज्योतिर्गणित त्याआधीच, खलिफा मन्सूरच्या काळात, बगदादला पोहोचले होते. ख्वारिज्मीने त्या भारतीय परंपरेवर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टके रचली. शून्यासह भारतीय अंकांनी हिशेब कसे करावेत, यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते लॅटिनमध्ये गेले तेव्हा त्याच्या नावाचा अपभ्रंश झाला आणि त्यातूनच आज मोबाइल हाती असलेल्या प्रत्येकाच्या कानावर पडणारा अल्गोरिदम हा शब्द आला. भूगोलावरच्या ग्रंथात त्याने दोन हजार चारशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले.

पण त्याचे नाव राहिले ते एका आटोपशीर पुस्तकामुळे. अल-जब्र आणि अल-मुकाबला यांच्या हिशेबाचे हे पुस्तक. अल्जिब्रा हा शब्द त्यातलाच. उर्दूत आपण जब्र म्हणतो ते बळजबरीला. दहावीच्या मुलांना हा अर्थ लगेच पटेल! अरबीत मात्र त्याचा दुसरा अर्थ आहे : मोडलेले पूर्ववत करणे, हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो तसे. समीकरणाच्या एका बाजूला काही वजा झाले असेल, तर दोन्ही बाजूंना तेवढेच मिळवून ती उणीव भरून काढायची, हा जब्र. दोन्ही पारड्यांतले सारखे वजन काढून घ्यायचे, हा मुकाबला. शाळेत बाजू बदलली की चिन्ह बदलते, एवढेच आपण पाठ केले. त्यामागचा तराजू कुणी दाखवला नाही.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने लेखनाचा हेतू सांगितला आहे. वारसा, मृत्युपत्र, वाटणी, कज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे अशा ज्या कामांत लोकांना पदोपदी हिशेब लागतो, तिथे उपयोगी पडेल असे सोपे काही द्यावे, हा तो हेतू. पुस्तकाचा मोठा भाग तर वारसा आणि मृत्युपत्रांच्या उदाहरणांनीच भरला आहे. पुस्तकभर एकही चिन्ह नाही. आकडेसुद्धा शब्दांत लिहिलेले. अज्ञात संख्येला तो शय, म्हणजे नुसती वस्तू म्हणतो.

त्यातले एक उदाहरण पाहा. एक माणूस दोन मुलगे मागे ठेवून वारला. घरात रोख दहा दिरहम. शिवाय एका मुलाकडून दहा दिरहम येणे. मालमत्तेचा तिसरा हिस्सा एका परक्या माणसाला द्यावा, असे त्याने सांगून ठेवले आहे. कर्जदार मुलाचा वाटा त्याच्या कर्जातच वळता करायचा आणि तेवढेच कर्ज मालमत्तेत धरायचे. पण त्याचा वाटा किती, हे एकूण मालमत्तेवर ठरणार आणि एकूण मालमत्ता त्याच्या वाट्यावर. साध्या बेरीज-वजाबाकीने हा गुंता सुटत नाही. ख्वारिज्मी म्हणतो, वाटा म्हणजे वस्तू समजा. मालमत्ता झाली दहा आणि वस्तू. तिसरा हिस्सा परक्याचा; उरलेल्याचे दोन सारखे भाग केले की तोही एकूण मालमत्तेचा तिसरा हिस्साच, आणि तोच वस्तूइतका. म्हणजे तीन वस्तू बरोबर दहा आणि एक वस्तू. वस्तू निघाली पाच. परक्याला पाच, दुसऱ्या मुलाला पाच, कर्जदाराचे पाच वळते. भांडणाला जागा उरली नाही.

हे पुस्तक ११४५ मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हियात लॅटिनमध्ये उतरले आणि युरोपने ते गिरवले. ख्वारिज्मी स्वतः ८५० च्या सुमारास निवर्तला होता.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. ज्यांना बीजगणित ऐच्छिक हवे, त्यांचे दुःख खरे आहे. एका विषयात गाडी अडली म्हणून हुशार हाताच्या मुलीचे शिक्षण सुटावे, हे कुणालाच पटणार नाही. पण हा विषय काढून टाकला तर तोटा तिचाच. माहीत नसलेल्या गोष्टीला नाव द्यायचे, दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या आणि पायरी-पायरीने तिच्यापर्यंत पोहोचायचे, ही रीत कर्जाचा हप्ता ठरवताना लागते, वडिलांच्या जमिनीची वाटणी होतानाही लागते. ज्याला ती येत नाही, त्याला दुसऱ्याने मांडलेला हिशेब मुकाट मान्य करावा लागतो. म्हणून बीजगणित सर्वांना हवे. बदलायला हवी ती सुरुवात. आधी वाटणीचा तंटा, मग शब्द, मग तराजू आणि शेवटी एक्स. आपण उलट्या टोकाने शिकवतो आणि मुलांना डोके नाही म्हणतो.

हे ज्ञान कोणा एका धर्माचे वा मुलखाचेही नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये आपले बीजगणित लिहिले. त्यांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. शहाजहानच्या काळात त्या ग्रंथाचा फारसी अनुवाद झाला. अनुवादक अताउल्ला रशीदी हा ताजमहालचे स्थपती उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. मराठवाड्यातला बीबी का मकबरा त्यानेच उभारला. मकबऱ्याच्या दारावरच्या लेखात त्याच्या नावासोबत हंसपत राय या अभियंत्याचेही नाव आहे. सुट्टीत मुलांना तिथे न्याल, तेव्हा त्यांना ही दोन्ही नावे जरूर दाखवा.