वनस्पतींची भाऊबंदकी शोधणारे हान्स मोलिश

बारावीच्या मुलामुलींना ‘मोलिश चाचणी’ माहीत आहे. परीक्षानळीत साखरेचे द्रावण घ्यायचे, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे दोन थेंब टाकायचे आणि नळी तिरकी धरून कडेकडेने संहत सल्फ्युरिक आम्ल सोडायचे. दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटते. कडे दिसले की वहीत निष्कर्ष लिहून आपण मोकळे होतो. ज्यांचे नाव या चाचणीला मिळाले ते गृहस्थ कोण, हे आम्हालाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की ही चाचणी त्यांच्या आयुष्यातले एक छोटेसे काम होते. शिवाय उतारवयात ते आपल्या देशातही येऊन गेले होते!

हान्स मोलिश यांचा जन्म ६ डिसेंबर १८५६ रोजी ब्रनो येथे झाला. हे शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे, पण तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. त्याच वर्षी याच शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरचे आपले प्रयोग सुरू केले. मोलिश यांचे शिक्षण व्हिएन्ना विद्यापीठात झाले. १८७९ मध्ये ते डॉक्टरेट मिळवून बाहेर पडले आणि १८८६ मध्ये त्यांनी ती जांभळ्या कड्याची चाचणी प्रसिद्ध केली. पुढे ग्रात्स, मग प्राग आणि १९०९ पासून पुन्हा व्हिएन्ना, असा त्यांचा प्राध्यापकीचा प्रवास झाला. १८९७-९८ मध्ये ते जावा बेटावर जाऊन आले. अंधारात चमकणाऱ्या जिवाणूंचे त्यांना फार वेड. अशा जिवाणूंनी भरलेल्या काचपात्राचा त्यांनी चक्क दिवा केला आणि त्या मंद उजेडाकडे कोवळी रोपे वळतात हे दाखवून दिले.

१९२२ ते १९२५ अशी तीन वर्षे त्यांनी जपानमध्ये सेंदाई येथे शिकवले. परतल्यावर ते व्हिएन्ना विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९२८ मध्ये निवृत्त होताच, सत्तरी ओलांडलेली असताना, त्यांनी कलकत्त्याची वाट धरली. सर जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत त्यांनी काही महिने काम केले. वनस्पतींच्या संवेदनांविषयीच्या बोस यांच्या प्रयोगांबद्दल युरोपात अनेकांच्या मनात शंका होत्या. मोलिश स्वतः येऊन ते प्रयोग पाहून गेले. आम्हाला त्यांचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

आता त्यांच्या अखेरच्या कामाविषयी. पिकलेली सफरचंदे काचेच्या हंडीखाली ठेवून त्यांच्या शेजारी मोलिश यांनी वाटाण्याची वगैरे रोपे ठेवली. रोपे खुरटली, जाड झाली, वाकडी वाढली. फळ आणि रोप यांचा एकमेकांना स्पर्शही नव्हता. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू हे करीत होता. मोड आलेल्या मुगाच्या डब्यात पिकलेले केळे ठेवून, आणि शेजारी केळ्याशिवायचा दुसरा डबा ठेवून, हा प्रयोग घरीही करून पाहता येतो. (मूग नंतर आईला परत द्यावेत.) कोंबातल्या पेशी एरवी लांबीने वाढतात. इथिलीन मिळाले की त्या लांबीऐवजी रुंदीने फुगतात, म्हणून कोंब आखूड आणि जाड होतो.

एक वनस्पती दुसरीवर रसायनांद्वारे असा परिणाम करते, त्याला मोलिश यांनी ‘अ‍ॅलेलोपथी’ हे नाव दिले. एकमेकांना आणि सोसणे अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची ही जोडी आहे. या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९३७ मध्ये जर्मनीतील येना येथून निघाले. त्यांच्या लेखी या शब्दात अपाय आणि उपकार दोन्ही होते. १९७४ मध्ये एल्रॉय राइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात मात्र भर अपायावरच होता. १९८४ च्या आवृत्तीत त्यांनी दोन्ही अर्थ पुन्हा सामावून घेतले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला अपायाची बाजू जवळची, कारण बांधावरचे गाजर गवत. मोलिश भारतात आले तेव्हा हे तण शेतांतून पसरलेले नव्हते. पुण्यात ते १९५० च्या दशकात लक्षात आले आणि मग देशभर गेले. त्याच्या पानांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पाने कुजून किंवा पावसाने धुऊन ते मातीत उतरते. प्रयोगशाळेत ते पिकांच्या बियांना व रोपांना दिले की मुळांच्या टोकाशी पेशींचे विभाजन मंदावते, पेशींची पटले गळकी होऊन आतले क्षार बाहेर झिरपतात आणि पानांतले हरितद्रव्य घटते. मूळ आखूड राहिले की रोप पाण्याला मुकते.

पण पालकांपैकी जे शेती करतात ते विचारतील, की तण तर पाणी, खत आणि ऊनही पळवते, मग दोष रसायनाचा कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे. पेल्यातला अर्क तीव्र असतो. मातीत तो पातळ होतो, जिवाणू त्याचे विघटन करतात. शेतात या दोन गोष्टींचे वाटे वेगळे काढणे आजही कठीण जाते. उलट आपली ज्वारीही काही कमी नाही. तिच्या मुळांवरच्या केसांतून सॉर्गोलिओन नावाचे द्रव्य पाझरते आणि ते कोवळ्या तणांच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणते.

हे सारे पुढच्या संशोधकांनी शोधले. मोलिश यांना ते पाहता आले नाही. पुस्तक निघाले त्याच वर्षी, ८ डिसेंबर १९३७ रोजी, एक्क्याऐंशीवा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.