विषयाची मर्यादा आणि प्रश्नाची व्याप्ती : डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

'ज्ञानकोशकार' ही उपाधी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांच्या नावाशी इतकी एकजीव झाली आहे, की विषय आवरता घेण्याची त्यांची शिस्त सहसा लक्षात येत नाही. रायपूर येथे जन्मलेले केतकर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकले आणि १९०६ मध्ये अमेरिकेस जाऊन कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. जातिसंस्थेचा इतिहास हा त्यांनी निवडलेला अभ्यासविषय. असंख्य जाती, प्रांतोप्रांतीचे भिन्न आचार आणि शतकानुशतकांचा कालपट यांमुळे तो एका प्रबंधात सामावणे अशक्य होते.

केतकरांनी तो तीन अंगांनी मर्यादित केला. प्रथम संकल्पना निश्चित केली : जन्माने मिळणारे सभासदत्व आणि गटाबाहेर विवाहास बंदी, ही जातीची दोन लक्षणे. नंतर मनुस्मृती हे एकच प्रमुख साधन घेतले आणि कालमर्यादा इसवी सनाचे तिसरे शतक ही ठरविली. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे मुख्य शीर्षक हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासाचे आहे. उपशीर्षक मात्र मनूच्या साक्षीपुरतेच बोलते. १९११ मध्ये ते डॉक्टरेट झाले.

या मर्यादेमुळे त्यांचे प्रतिपादन तपासता येण्याजोगे झाले. मनुस्मृतीचा काळ पुढेही वादाचा राहिला. पण केतकरांनी नेमके शतक सांगितल्यामुळेच त्यांच्या निष्कर्षांशी नेमका वाद घालता येतो. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात डॉ. भीमराव आंबेडकर यांनी केतकरांची व्याख्या विचारात घेतली. तिच्यातील दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे दाखवून त्यांनी सजातीय विवाह हेच जातीचे मर्म ठरविले. संशोधनाची परंपरा अशा रीतीने पुढे सरकते.

पुढे केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. तेथे विषयाला सीमाच नव्हती. तरीही मूळ प्रश्न सुटला नाही. 'ब्राह्मणकन्या' (१९३०) या कादंबरीत ब्राह्मण पिता आणि रक्षेची कन्या असलेली माता यांच्या मुलीचे समाजातील स्थान कोणते, हा पेच येतो. जन्म आणि विवाह ही प्रबंधातील दोन लक्षणेच तेथे एका स्त्रीच्या आयुष्यात पडताळली जातात. केतकरांनी प्रबंधापुरती साधनांची आणि काळाची सीमा आखली होती. प्रश्नाचे मोठेपण मात्र कमी केले नव्हते.