पडलेली मैफल आणि जाड्या व्हायोलिनवाला

मैफल पडणं म्हणजे काय, हे गॅदरिंगमध्ये एकदा तरी स्टेजवर गेलेल्याला सांगायला नको. ६ मार्च १८२५ ला व्हिएन्नात अशीच एक मैफल पडली. रचना चक्क बीथोव्हनची होती, आणि खापर फुटलं इग्नाट्झ शुपांझिगवर.

बीथोव्हन तुम्हाला माहीत असतो; त्याच्या क्वार्टेट कागदावरून लोकांच्या कानापर्यंत पहिल्यांदा नेणारा हा माणूस सहसा नसतो. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. समोर कंडक्टर नाही. चौघांनी एकमेकांकडे कान लावून वाजवायचं. एक जण चुकला तर लपायला जागाच नाही!

शुपांझिगचा जन्म १७७६ चा, व्हिएन्नातलाच. विशीही उलटली नव्हती तेव्हापासून तो प्रिन्स लिख्नोव्स्कीकडे दर शुक्रवारी सकाळी वाजवायचा. हे संगीत तेव्हा मुख्यतः बड्यांच्या दिवाणखान्यातलं. १८०४-०५ च्या हिवाळ्यात त्याने वर्गणीदार जमवून क्वार्टेटच्या जाहीर मैफली सुरू केल्या. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. १८०८ पासून काउंट रझुमोव्स्कीने त्याची चौकडी कायम पगारावर ठेवली. पण १८१४ च्या अखेरीस काउंटचा महाल जळाला, पुढे चौकडी मोडली आणि १८१६ मध्ये शुपांझिगने रशिया गाठला.

बीथोव्हन त्याला शेक्सपिअरच्या ढेरपोट्या फॉल्स्टाफच्या नावाने हाक मारायचा. १८०१ मध्ये तर त्याने या मित्राच्या जाडेपणावर एक छोटं समूहगीतच रचलं होतं. आज याला आपण काय म्हणू, ते तुम्हीच ठरवा.

१८२३ मध्ये तो परतला, तेव्हा बीथोव्हन पूर्ण बहिरा झाला होता आणि शुपांझिगची बोटंही जाड झाली होती. वरच्या पट्टीत सूर हलायचा. तरी १८२४ च्या मार्चमध्ये त्याने शूबर्टची ए मायनर क्वार्टेट पहिल्यांदा वाजवली, मे महिन्यात नवव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगात व्हायोलिनवाल्यांचं नेतृत्व केलं. शूबर्टने ती क्वार्टेट त्यालाच अर्पण केली.

आणि मग ती मैफल. ऑपस १२७ हाती आली ती अगदी उशिरा, सरावाला जेमतेम दोन आठवडेही नाहीत. बीथोव्हनने चौघांकडून गमतीगमतीत प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या, की जीव तोडून वाजवू. तरी लोकांना काही कळेना. बीथोव्हन तिथे नव्हता; बातमी कळताच त्याने रचना जोसेफ बोमला दिली. बोमच्या तालमींना मात्र तो स्वतः बसला, ऐकू येत नसल्याने गजांच्या हालचाली बघत. बोमची मैफल रंगली. बरोबर आहे! पण कच्च्या तालमीवर पहिला धक्का खाल्ला तो कुणी?

शुपांझिग रुसून घरी बसला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑपस १३२ चं पहिलं जाहीर वादन पुन्हा त्याच्याकडेच आलं. २१ मार्च १८२६ ला त्याच्या चौकडीने ऑपस १३० वाजवली. मधले दोन भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावले. शेवटचा अवाढव्य फ्यूग मात्र डोक्यावरून गेला, इतका की बीथोव्हनने नंतर त्या जागी नवा शेवट लिहिला.

१८२७ मध्ये बीथोव्हन गेला. शुपांझिग २ मार्च १८३० ला गेला, ५३ व्या वर्षी. त्या फ्यूगपाशी आजही चांगल्या चांगल्या चौकड्यांना घाम फुटतो.