मराठी माशांची नावं लॅटिनमध्ये नेणारा कर्नल साइक्स

शिरोड्याच्या बाजारात बांगडा, पेडवे, इसवण ओळखायला कुणाला पुस्तक लागत नाही. पण घाट चढून गेलात आणि भीमेतला किंवा घोड नदीतला मासा कुणी पुढ्यात टाकला, तर? भल्याभल्यांची बोबडी वळते.

या माशांची शास्त्रीय यादी केली ती कंपनी सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं. नाव विल्यम हेन्री साइक्स.

१७९० साली यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा गडी पोरवयातच मुंबईच्या फौजेत आला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांविरुद्ध लढला. पेशवाई बुडाली आणि १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टननं त्याला वेगळंच काम दिलं. दख्खनमधली माणसं, पिकं, बाजारभाव यांची मोजदाद करायची. गावोगाव फिरणं आलंच. साहेब माणसं मोजता मोजता पक्षी आणि मासेही टिपू लागला.

१८३१ मध्ये तो मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली आणि १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे माशांवरचा निबंध मांडला. त्यातली गंमत अशी, की लोक माशाला जे म्हणायचे तेच त्यानं लॅटिन नावात घातलं. खुद्री, कोळस, मुसुल्ला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महासीर आजही जगभर ‘टॉर खुद्री’ आहे. बारशाचं श्रेय साहेबाला मिळालं, नाव सांगणारे मात्र निनावीच राहिले.

आता खरी भानगड. साइक्सचा ‘मुसुल्ला’ शिरूरजवळच्या घोड नदीतला. नंतरच्या लोकांनी तेच नाव कावेरीतल्या कुबडवाल्या महासीरला चिकटवलं. इंग्लंडात ट्राउटसाठी जीव टाकणारे गळवाले भारतात याच्यामागे वेडे व्हायचे. इतका नावाजलेला मासा, पण बरोबर शास्त्रीय नावच नाही! आणि नाव नक्की नाही तर धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालणार कसं? त्यात लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि मूळचा मासा मागे पडत गेला. ‘टॉर रेमादेवी’ हीच त्याची ओळख, हे २०१८ मध्ये पक्कं झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला.

साइक्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, खासदारही झाला. १८७२ मध्ये लंडनमध्ये वारला.